परसातल्या तळ्यातील शेवाळ

प्रश्न : आमच्या परसात २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असे सिमेंटचे तळे असून त्यात दहा-बारा गोल्डफिश आहेत. तळ्यावर दिवसभर ऊन असते. पाणी हिरवेगार होते म्हणून आम्ही ते वारंवार पूर्ण उपसतो, भिंती घासतो आणि नव्याने भरतो; तरी पंधरवड्यात पुन्हा तीच गत होते. आता केसांसारखे लांब शेवाळही धरू लागले आहे. मोरचूद टाकावे असे एकाने सुचवले आहे. टाकावे का?

उत्तर : मोरचूद कृपया टाकू नका. त्यातील तांबे शेवाळाला मारते हे खरे. परंतु शेवाळ मरण्याइतकी मात्रा आणि मासे दगावण्याइतकी मात्रा यांत फारसे अंतर नसते आणि पाणी मृदू असेल तर ते आणखीच कमी होते. गोगलगायी तर माशांच्याही आधी मरतात. मासे वाचले तरी एकदम मेलेले शेवाळ पाण्यातच कुजते, कुजताना विरघळलेला ऑक्सिजन खाऊन टाकते आणि स्वतः शोषलेले नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात सोडते, म्हणजे पुढच्या पिकासाठी खताची सोय आपणच करून ठेवतो.

खरी अडचण या खताचीच आहे. आपल्या तळ्यात साधारण १,५०० लिटर पाणी आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, तळ्यातील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि त्यावर, भरपूर उन्हात, शेवाळ पोसले जाते. स्फुरद येते ते मुख्यतः न खाल्लेल्या खाद्यातून, विष्ठेतून आणि कुजलेल्या पानांतून. आपण तळे पूर्ण उपसून घासता तेव्हा भिंतींवरचे व गाळणीतले हे उपयुक्त जिवाणूही निघून जातात, मोठ्या वनस्पती नसल्यामुळे नव्या पाण्यातील क्षारांवर ताव मारायला शेवाळाला कोणी स्पर्धक उरत नाही, आणि उन्हात ते इतर कशाहीपेक्षा वेगाने वाढते. पंधरवड्यात पाणी हिरवे होण्याचे कारण बहुधा आपली ही मेहनतच आहे.

म्हणून पूर्ण उपसा थांबवा. त्याऐवजी आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदला आणि ते तळातून, गाळासकट नळीने ओढून काढा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते निष्प्रभ करणारे द्रावण वापरा. गाळणीतील स्पंज नळाखाली न धुता तळ्यातूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घाला. दहा-बारा गोल्डफिश लहान असेपर्यंत एवढ्या पाण्यात निभावतात, मात्र ते मोठे होऊ लागले की काही मासे दुसरीकडे हलवणेच योग्य.

यानंतरचे सर्वांत मोलाचे काम सावलीचे. पाण्याचा निम्मा ते दोन-तृतीयांश पृष्ठभाग कुमुदिनीच्या किंवा तरंगत्या वनस्पतींच्या पानांनी झाकला गेला पाहिजे. पाण्याखाली हॉर्नवर्ट किंवा व्हॅलिस्नेरिया लावा, कारण त्या नत्र आणि स्फुरद थेट पाण्यातूनही घेतात. तरंगत्या वनस्पती भरमसाट वाढतात, तेव्हा त्या अधूनमधून उपटाव्या लागतील, पण त्यांच्याबरोबर तळ्यातील खतही बाहेर जाते. उपटलेले ओढ्या-नाल्यात मात्र कधीही टाकू नये. वनस्पतींना जम बसवायला काही आठवडे लागतात. या काळात पाणी हिरवेच दिसेल आणि तेवढा धीर आपण धरलाच पाहिजे.

आपल्याकडे दोन निराळी शेवाळे आहेत. पाण्याचा रंग हिरवा करणारे शेवाळ एकपेशी आणि तरंगते असते. पंपाबरोबर लावायचा अतिनील दिवा त्यावर चांगला चालतो, पण पाण्यातले खत तो काढत नाही. केसांसारख्या शेवाळावर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण ते दिव्यापर्यंत पोहोचतच नाही. ते खरखरीत काठीवर गुंडाळून हाताने काढावे. काढलेला पुंजका तासभर तळ्याच्या काठावरच ठेवा, म्हणजे त्यात अडकलेल्या गोगलगायींना आणि किड्यांना पाण्यात परतता येते. मग तो कंपोस्टमध्ये टाका. भिंतीवरील आखूड, मखमली थर मात्र घासू नका. मासे तो खुडून खातात आणि जिवाणूही तिथेच राहतात.

पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी, दुर्गंधीयुक्त साय दिसली तर मात्र ते साधे शेवाळ न समजता सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू, समजावे. त्यांतील काही जाती विषारी असतात, म्हणून मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्या पाण्यापासून दूर ठेवा व हात घालताना हातमोजे वापरा.

प्रश्न : पाणी हिरवे असताना पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, दुपारी मात्र ठीक असतात. असे का?

उत्तर : शेवाळ दिवसा प्रकाशात ऑक्सिजन सोडते, पण रात्री तेही माशांप्रमाणेच तो वापरते, त्यामुळे पाण्यातील ऑक्सिजन सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो. उष्ण पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात हा त्रास वाढतो. पाणी ढवळले जाईल असे कारंजे किंवा हवेचा पंप आजच सुरू करा. तो चोवीस तास चालवणे उत्तम. शक्य नसेल तर दिवसा बंद ठेवून सूर्यास्तापासून सकाळी ऊन चांगले चढेपर्यंत चालू ठेवा.