पहिलं हेलिकॉप्टर आणि त्याचं अपग्रेड: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन चॅनेलचं (म्हणजे तीन हालचाली रिमोटने चालवता येणारं), एकावर एक दोन रोटर असलेलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर आता व्यवस्थित उडवता येतंय. पुढे जायचंय, बजेट बेताचं आहे. कुणीतरी वापरलेलं ४५० साइझचं, म्हणजे बरंच मोठं, हेलिकॉप्टर स्वस्तात देतंय. ते घ्यावं, की नवीन छोटं घेऊन त्याला हळूहळू मेटलचे पार्ट चढवावेत?

माझं मत: ४५० आत्ता नको, आणि मेटल तर मुळीच नको. आधी चांगला ट्रान्समीटर (हातातला रिमोट), मग छोटं हेलिकॉप्टर, उरलेल्या पैशांत स्पेअर पार्ट आणि बॅटऱ्या.

या छंदात मॉडेल कितीला पडलं यापेक्षा एक क्रॅश कितीला पडतो ते बघायचं. ४५० हे कलेक्टिव्ह पिच प्रकारचं असतं. त्यात हेलिकॉप्टर वर जावो की खाली, रोटर जवळजवळ एकाच वेगाने फिरत असतो. बदलतो तो पात्यांचा कोन. म्हणजे जमिनीला टेकतानाही रोटरमध्ये सगळी ताकद शाबूत असते. ४५० गुडघ्याएवढ्या उंचीवरून आडवं झालं तरी दोन्ही पाती, फेदरिंग शाफ्ट (पात्यांच्या ग्रिप ज्यावर बसतात तो आडवा दांडा), मेन शाफ्ट (रोटरचा उभा दांडा), मेन गिअरचे दात आणि बहुतेक वेळा टेल बूम (शेपटीची नळी) एकदम जातात. वर एखाद्या सर्व्होचा (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) गिअर. नवशिक्याला हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा भरावं लागतं. आणि पैशांपलीकडचंही आहे: ४५० च्या रोटरचा व्यास साधारण ७०० मिलिमीटर. २५०० आरपीएमला पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या घरात जातो. अशी वस्तू शिकाऊ हातात असताना जवळपास कुणीही नको, आणि तुम्हीही चांगलं अंतर राखून उभं राहायला हवं.

आता तुमच्या सध्याच्या मॉडेलबद्दल. दोन रोटर उलट दिशांना फिरतात, त्यामुळे ते स्वतःभोवती गिरकी घेत नाही, आणि वरच्या रोटरला जोडलेल्या वजनदार दांडीमुळे ते स्वतःच स्थिर राहतं. वळायचं असेल तर दोघांच्या वेगात फरक पडतो, पुढे-मागे जायला शेपटीवरचा आडवा पंखा. बाजूला सरकणं त्यात नाहीच. म्हणजे हेलिकॉप्टर उडवण्यातला जो खरा कठीण भाग, स्वॉशप्लेट (रोटरखालची, पात्यांचा कोन ठरवणारी चकती) कलवून मशीनला चारी बाजूंनी एका जागी धरून ठेवणं, तो तुमच्या बोटांनी अजून केलेलाच नाही. ते छान उडतं याचं बरंचसं श्रेय त्या रचनेचं आहे (राग मानू नका).

तो भाग शिकायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे सिम्युलेटर. हेली-एक्स, नेक्स्ट, अॅक्युआरसी, रिअलफ्लाइट, यातलं कुठलंही चालेल. ग्राफिक्समध्ये अडकू नका. हेलिकॉप्टरची शेपटी तुमच्याकडे ठेवून हॉवर (हवेत एका जागी थांबणं) जमला की लगेच पुढे पळू नका. डावी बाजू, उजवी बाजू, आणि शेवटी नाक तुमच्याकडे. नाक समोर आलं की सायक्लिकचं (पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलवणाऱ्या स्टिकचं) सगळं उलटं दिसतं. उजवीकडे दिलेली स्टिक हेलिकॉप्टरला तुमच्या डावीकडे नेते. डोकं हे समजून घेतं, बोटं घेत नाहीत. स्क्रीनवर शेकडो वेळा आपटल्यावर ती घेतात, आणि त्या आपटण्याला खर्च शून्य.

म्हणूनच ट्रान्समीटर आधी. मॉडेलबरोबर डब्यात येणारा रिमोट बहुधा पुढच्या मॉडेलला जोडता येत नाही. त्याऐवजी एजटीएक्स (ट्रान्समीटरचं सॉफ्टवेअर) चालणारा, ४-इन-१ मल्टीप्रोटोकॉल मॉड्यूल (अनेक कंपन्यांच्या रेडिओ-भाषा बोलणारा भाग) असलेला घ्या. रेडिओमास्टर किंवा जंपरचे असे आहेत. तो यूएसबीने कॉम्प्युटरला लावला की जॉयस्टिक होतो, त्यामुळे सिम्युलेटरवर आणि मैदानात हातात एकच वस्तू राहते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुष्कळ मॉडेल्सशी तो बाइंडही होतो, म्हणजे जोडला जातो. मॉडेलं येतील-जातील, हा बरीच वर्षं टिकेल. मोड (कुठली स्टिक काय चालवणार ती मांडणी) मात्र पहिल्याच दिवशी पक्का करा, नंतर बोटं बदलायला तयार होत नाहीत. आजूबाजूला शिकवणारं कुणी असेल तर त्याचाच मोड घ्या.

मॉडेल कुठलं? चार चॅनेलचं फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारं), व्ही९११एस सारखं, स्वस्त आणि चिवट असतं. घरात शिकायला उत्तम. वाऱ्यात मात्र त्याचं काही चालत नाही, कारण वर-खाली व्हायला अख्ख्या रोटरचा वेग बदलावा लागतो. सिम्युलेटर मन लावून करणार असाल तर ही पायरी गाळा आणि एक्सके के११० च्या वर्गातलं छोटं कलेक्टिव्ह पिच घ्या. रोटर जेमतेम पाव मीटरचा, एका सेलची बॅटरी, मेन मोटर ब्रशलेस. सुरुवातीला ६जी मोड हात सोडल्यावर त्याला सरळ करतो. पुढे ३जी मोडवर, म्हणजे ही सरळ करणारी मदत नसलेल्या मोडवर, गेलात की खरं हेलिकॉप्टर कळतं. ट्रान्समीटर वेगळा घेतलेला असल्याने रिमोटशिवायचं पॅकिंग मागवा. ते एस-एफएचएसएस या रेडिओ प्रोटोकॉलवर चालतं आणि मल्टीप्रोटोकॉलमध्ये तो आहे.

आता अपग्रेड. जाहिरातीत अॅल्युमिनियमचं चकचकीत रोटर हेड दिसलं की हात शिवशिवतात, ठाऊक आहे. पण छोट्या मॉडेलवर ते चढवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पातं धरून ठेवणारी प्लास्टिकची ग्रिप क्रॅशमध्ये तुटते, हेच तिचं काम. तिच्या जागी धातू आला की तोच दणका पुढे सरकून शाफ्टला, गिअरला किंवा सर्व्होला बसतो. शिवाय वजन वाढतं, उड्डाणाचा वेळ घटतो. पात्यांचंही तसंच, शिकताना प्लास्टिकचीच असू द्या.

फुकटातले अपग्रेड आधी करा. ग्रिपमधला पात्याचा स्क्रू तपासा: हेलिकॉप्टर आडवं धरल्यावर पातं स्वतःच्या वजनाने लोंबता कामा नये, पण हलका झटका दिला की दुमडलं पाहिजे. फार आवळलं असेल तर क्रॅशमध्ये वाकायच्या ऐवजी मोडतं. शेपटीच्या फिनवर भडक रंगाची टेप लावा. संध्याकाळच्या उजेडात तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे न कळल्यामुळे जितकी हेलिकॉप्टरं पडतात तितकी बिघाडाने पडत नसतील. आणि थ्रॉटल होल्डचं, म्हणजे मोटर लगेच बंद करणारं, बटण बोटाच्या टोकाशी ठेवा. हेलिकॉप्टर हातातून गेलं असं वाटलं की थ्रॉटल खाली ओढायचा नाही, आधी होल्ड. मोटर जमिनीच्या आधी बंद झाली तर मेन गिअर बऱ्याचदा वाचतो.

पैसे द्यायचेच तर मॉडेलबरोबरच हे मागवा: दोन-तीन जोड्या पाती, मेन गिअर, फेदरिंग शाफ्ट, लँडिंग स्किड, आणि एक शेपटीची मोटर. शेपटीची मोटर ब्रशची असल्याने झिजतेच. चढाई देताना शेपूट एका बाजूला वाहायला लागली की तिचे दिवस भरले समजा. बॅटऱ्या चार-पाच, आणि प्रत्येक सेल नीट दाखवणारा चार्जर. ४५० एमएएचची बॅटरी १सी (तिच्या क्षमतेएवढा करंट) म्हणजे ०.४५ अँपिअरवर चार्ज करा, जवळ बसून. भरल्यावर ४.२ व्होल्ट. ट्रान्समीटरमध्ये टायमर असा लावा की उतरल्यानंतर थोड्या वेळाने मोजलं तर ३.७ व्होल्टच्या खाली गेलेलं नसेल. काही दिवस उडवणार नसाल तर ३.८ च्या आसपास ठेवून द्या. फुगलेली बॅटरी बाद.

एवढं सांगूनही ते ४५० बघायला जाणार असालच तर बॅटरी न लावता तपासा. कॅनपी (पुढचं कवच) काढायला सांगा. रोटर हाताने सावकाश फिरवा आणि हेडच्या वरच्या टोकाकडे बघा. ते गोल डोलत असेल तर मेन शाफ्ट वाकलाय. मेन गिअर पूर्ण एक फेरा फिरवून कुठे अडकतो का बघा. सर्व्होचे हात बोटाने हळू हलवा, मध्येच दात सुटल्यासारखं लागलं तर गिअर गेला. शक्य असेल तर फेदरिंग शाफ्ट काढून काचेवर लोळवा, वाकलेला लगेच उड्या मारतो. आणि त्या नेमक्या मॉडेलचे स्पेअर आजही मिळतात का, हे पैसे देण्याआधी स्वतः शोधून बघा. विकणारा "मिळतात हो सगळीकडे" म्हणणारच.