शिवार, मळा की माळ?

प्रश्न असा आहे: घरचं लहानसं शेत आहे, उंचवट्यावरचं, निव्वळ पावसावर पिकणारं. त्याला नाव द्यायचं आहे. ‘शिवार’, ‘मळा’ आणि ‘फार्म’ यांतला कोणता शब्द योग्य? जमल्यास आजीचं नावही त्यात यावं.

‘शिवार’ आधी बाजूला काढतो, कारण हा शब्द हल्ली इतक्या पाट्यांवर चुकीचा रंगवलेला दिसतो की गप्प बसवत नाही. शिवार एका घराचं नसतंच. शीव म्हणजे गावाची हद्द, आणि त्या शिवेच्या आत सगळ्यांची मिळून जी जमीन येते, पिकाखालची, पडीक, ओढ्यानाल्यांसकट, ती सगळी मिळून शिवार. शिवारफेरी निघते ती गावच्या जमिनीतून निघते. स्वतःच्या बांधावरून मारलेल्या चकरेला कुणी शिवारफेरी म्हणत नाही. ‘जलयुक्त शिवार’ हे सरकारी योजनेचं नाव या बाबतीत अगदी बिनचूक आहे, कारण पाणी अडवायचं ते गावभर अडवायचं. दोन एकरांच्या मालकाने आपल्या तुकड्याला शिवार म्हणणं म्हणजे एका घराने स्वतःला गाव म्हणवून घेणं.

दुसरी चूक याहून हट्टी आहे. ‘शिवार’मधल्या ‘शिव’चा संबंध कुणी शंकराशी लावतो, कुणी शिवरायांशी. दोन्ही श्रद्धेच्या जागी ठीक, व्युत्पत्तीत नाही. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तशीच सीमेची शीव झाली. शब्दाच्या मधल्या ‘म’चा ‘व’ करणं ही मराठीची जुनी सवय आहे. मुंबईतलं शीव हे ठिकाण त्याच अर्थाचं, हद्दीवरचं. आणि शीव म्हणजे वेस नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. वेस गावात शिरण्याच्या दाराशी असते, वस्तीला लागून. शीव लांब असते, जिथे आपलं रान संपून शेजारच्या गावाचं सुरू होतं.

‘फार्म’बद्दल फार लिहिणार नाही. इंग्रजीतून आला म्हणून माझा त्यावर राग नाही. टेबल, बस आणि पेन रोज वापरणाऱ्या भाषेने असला राग धरू नये. पण ज्यांना हा शब्द मालकीच्या रुबाबासाठी हवा असतो, त्यांनी त्याचं मूळ ऐकावं. मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘फिर्मा’चा अर्थ ठरावीक रक्कम, म्हणजे आपला खंड किंवा मक्ता. ती रक्कम भरून कसायला घेतलेली जमीन फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘फार्म’ झाली, आणि कुठलंही शेत असा अर्थ त्याला नंतर आला. आपल्या हक्काच्या जमिनीवर ‘फार्म’ लिहिणारा माणूस, शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिलं, तर ‘ही जमीन मी खंडाने घेतली आहे’ असं लिहितो. तुमची जमीन घरची आहे. सोडून द्या.

आता मळा. हा शब्द सुंदर आहे, पण तो तुमचा नाही, कारण तुमच्याकडे पाणी नाही. मळा म्हणजे बागायत. विहिरीचं, पाटाचं, नदीचं, कसलं का होईना, पाणी हवं. मळ्याच्या व्युत्पत्तीवरून मात्र मला थोडं भांडायचं आहे. अनेकजण ठामपणे सांगतात की माळी जो राखतो तो मळा, आणि माळी हा मुळात माळा गुंफणारा, म्हणून मळ्याचं मूळ ‘माला’. माळ्याबद्दलचा भाग बरोबर आहे. मळ्याबद्दलचा चूक आहे, आणि तो एकाने लिहिला म्हणून दुसऱ्याने उतरवला, असा चालत आला आहे. संस्कृत कालकचा काळा झाला, त्यातला ‘का’ दीर्घच राहिला. मालेपासून शब्द निघाला असता तर त्याच न्यायाने ‘माळा’ झाला असता, ‘मळा’ नव्हे. गलचा गळा होतो, तसा मलचा मळा. मल म्हणजे इथे घाण नव्हे, पुराने आणून टाकलेला गाळ. त्यालाच मळई म्हणतात. नदीकाठची गाळाची जमीन हाच पहिला मळा असणार, असं माझं मत आहे. विहिरी खोदून मळे करणं पुढचं. ‘आमच्या मळ्याला मल म्हणता?’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी पिकाला काय आवडतं ते आठवावं.

आणि आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहायला घेतलं तो. प्रश्नातल्या तीन पर्यायांत तो नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं. उंचवट्यावरच्या कोरडवाहू जमिनीला मराठीत नाव आहे: माळ. तो माळ. पुल्लिंगी.

हा शब्द कालिदासाने वापरला आहे. ‘मेघदूता’च्या पहिल्या भागात, पूर्वमेघात, यक्ष ढगाला वाट सांगतो, त्या वाटेच्या अगदी सुरुवातीलाच तो म्हणतो: ‘सद्यःसीरोत्कषणसुरभि क्षेत्रमारुह्य मालम्’. सीर म्हणजे नांगर. नुकत्याच नांगरटीने वास सुटलेल्या माळाच्या शेतावर चढ आणि पुढे जा. या ओळीतले दोन शब्द आजही मराठीत जोडीने उभे आहेत: क्षेत्र आणि माल, शेत आणि माळ. ‘क्षेत्र’मधल्या ‘क्ष’चं हिंदीने ‘ख’ केलं आणि खेत म्हटलं, आपण ‘श’ केलं आणि शेत म्हटलं. मक्खी आणि माशी ही जोडी त्याच वळणाची. पण तो मुद्दा जाऊ दे, माळाकडे येऊ.

‘माल’ म्हणजे काय यावर मेघदूताचा अर्थ उलगडणाऱ्या जुन्या टीकाकारांत एकमत नव्हतं. काहींनी ते देशाचं नाव मानलं. होरेस हेमन विल्सन यांनी १८१३ साली मेघदूताचं इंग्रजी भाषांतर छापलं, त्यांनाही ते विशेषनामच वाटलं, आणि मग त्यांनी छत्तीसगडातल्या रतनपूरच्या बाजूला माल्डा नावाचं गाव शोधून ते तिथे बसवलं. विल्सन मोठे विद्वान होते. इथे मात्र त्यांनी नकाशा उघडला, जिथे नांगर धरणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर पुरलं असतं. शब्दाशेजारी ‘आरुह्य’ आहे, म्हणजे ‘चढून’. गावावर किंवा देशावर ढग कशाला चढेल? चढायला उंचवटा लागतो. जुन्या टीकाकारांपैकी मल्लिनाथाने नेमकं हेच ओळखलं: माल म्हणजे डोंगरासारखी उंच जमीन, असा अर्थ त्याने दिला. मल्लिनाथ दख्खनचा. त्याला असली जमीन डोळ्यांसमोर दिसत असणार.

माझा आवडता तर्क याच्याही पुढचा आहे. ढग निघतो रामगिरीवरून, आणि रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं बऱ्याच अभ्यासकांनी मानलं आहे, वा. वि. मिराशी यांनी तर ते हिरिरीने मांडलं. ते खरं असेल, तर कालिदासाचा माळ रामटेकपासून फार लांब नाही. म्हणजे तो आज जिथे मराठी बोलतात त्या मुलखात किंवा त्याच्या उंबरठ्यावर आहे. दरबारी संस्कृतात उंच जमिनीला शब्दांची वाण नव्हती. तरीही कवीने ‘माल’ घेतला, आणि तोही नांगरटीच्या वासाबरोबर, खेड्यातल्या बायका ढगाकडे डोळे लावून बसलेल्या असताना. मला वाटतं, हा शब्द त्याने तिथल्या माणसांच्या तोंडून उचलला. शेतकऱ्याचा शब्द कवीने घेतला, कवीचा शेतकऱ्याने नव्हे. याला ताम्रपटाचा पुरावा मागू नये, पण ओळ पुन्हा वाचून पाहावी.

‘माळ म्हटलं की ओसाड वाटतं’ असा आक्षेप येईल. तो माळरानावरून येतो. माळरान ओसाड असू शकतं, माळ तसा असलाच पाहिजे असं नाही. कालिदासाच्या माळावर नांगर चालून गेलेला आहे, आणि पिकाची सारी आशा ढगावर आहे. प्रश्नात वर्णन केलेल्या शेताची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

भाषेची आणखी एक साक्ष पाहा. मळ्यात जातात, वाडीत जातात, माळावर जातात. मळा सखल, त्यात उतरायचं. वाडी कुंपणाची, तिच्या आत शिरायचं. ‘वाटिका’ या शब्दातच कुंपण आहे. माळ उंच, त्यावर चढायचं. कालिदासाचं ‘आरुह्य’ आपल्या ‘-वर’मध्ये अजून जिवंत आहे. ‘मळ्यावर’ किंवा ‘माळात’ कानाला खटकतं ते म्हणूनच. कुठलंही नाव ठरवण्याआधी ते असं प्रत्यय लावून बोलून पाहावं. ‘अमुकतमुकसृष्टीत चाललो’ असं दमल्यावर कुणी म्हणणार नाही; तो सरळ ‘शेतावर चाललो’ म्हणेल, आणि पाटीवरचं नाव पाटीवर राहील. ‘माळावर चाललो’ मात्र सहज तोंडात येतं.

राहिलं आजीचं नाव. इथे लिंगाची काळजी घ्या. तो माळ म्हणजे जमीन, ती माळ म्हणजे फुलांची किंवा मण्यांची. समजा आजीचं नाव सुमन आहे. ‘सुमनमाळ’ लिहिलंत तर वाचणारा फुलांचा हार वाचेल, जमीन नव्हे. ‘सुमनचा माळ’ लिहा, म्हणजे ‘चा’मुळे लिंग कळतं. घरात तिला नावाने हाक मारणारं कुणी नसेल, तर ‘आजीचा माळ’ त्याहून बरं. आणि पुढे कधी विहिरीला पाणी लागून बागायत झाली, तर वरच्या तुकड्याला माळच म्हणा आणि पाण्याखालच्या तुकड्याला मळा. एकाच शेतात दोन नावं असायला काहीच हरकत नाही.