'लोकम' म्हणजे नेमके कोण?

'दवाखान्यासाठी पंधरा दिवस लोकम हवा' अशा जाहिरातीतला 'लोकम' म्हणजे सहायक डॉक्टर की कंत्राटी डॉक्टर, आणि त्याला मराठीत काय म्हणावे, असे एका वाचकांनी विचारले आहे.

तो सहायकही नव्हे आणि कंत्राटीही नव्हे. मूळ डॉक्टर रजेवर, आजारी किंवा परगावी असताना त्यांच्या जागी बसून त्यांचे रुग्ण तपासणारा डॉक्टर म्हणजे लोकम. 'लोकम टेनेन्स' या मध्ययुगीन लॅटिन शब्दजोडीचे हे आखूड रूप आहे. 'लोकस' म्हणजे जागा, 'लोकम' हे त्याचे द्वितीयेचे रूप आणि 'टेनेन्स' म्हणजे धरून असणारा. एकूण अर्थ, दुसऱ्याची जागा धरून ठेवणारा. इंग्लंडमध्ये हा शब्द डॉक्टरांप्रमाणेच धर्मगुरू आणि फार्मासिस्ट यांच्यासाठीही वापरतात. वस्तूला मात्र तो कधीच लागत नाही.

हीच लॅटिन शब्दजोडी फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आली तेव्हा तिचा 'लेफ्टनंट' झाला. 'लिउ' म्हणजे जागा आणि 'टेनंट' म्हणजे धरणारा. वरिष्ठाच्या गैरहजेरीत त्याचे काम पाहणारा तो लेफ्टनंट, असा आरंभीचा अर्थ होता. पुढे तो कायमचा हुद्दा बनला. आपल्याकडच्या 'नायब' शब्दाची वाटचाल याच्याशी इतकी जुळते की ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अरबीत 'नाइब' म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा, आणि त्याच्याच अनेकवचनापासून 'नवाब' आला. आज नायब तहसीलदार कोणाच्या रजेपुरता नेमलेला नसतो, ते स्वतंत्र पद आहे. आणि 'लेफ्टनंट गव्हर्नर'ला आपण 'नायब राज्यपाल' म्हणतो, ते भाषांतर म्हणूनच अगदी चपखल बसले आहे. लोकमचे तसे झाले नाही. त्याच्या अर्थातला तात्पुरतेपणा आजही शाबूत आहे.

आता मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न. माझ्या मते तो नव्याने घडवण्याची गरज नाही, कारण मुंबईच्या कापड गिरण्यांनी तो पूर्वीच रुळवलेला आहे: 'बदली'. पाळी सुरू होण्याआधी बदली कामगार गिरणीच्या दारात येऊन थांबत, आणि कायम कामगारांपैकी जे आले नसतील त्यांच्या साच्यावर, म्हणजे यंत्रावर, त्या दिवसापुरते काम मिळे. कोणाला आत घ्यायचे हे पुष्कळ काळ जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हाती होते. 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये नंतर समाविष्ट झालेल्या कलम 25 सी च्या स्पष्टीकरणात हा शब्द इंग्रजी मजकुरातही 'बदली' असाच ठेवला होता. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी नेमलेला तो बदली कामगार, आणि त्याने एक वर्षाची सलग सेवा पूर्ण केली की त्या कलमापुरता तो बदली मानला जात नसे, असा त्या व्याख्येचा आशय होता. जागा दुसऱ्याच्या नावावर आहे, हा लोकमच्या अर्थाचा गाभा त्यात नेमका उतरला होता.

इतर पर्याय येथे कमी पडतात. 'प्रभारी' म्हणजे ज्याच्याकडे पदाचा कार्यभार सोपवला आहे तो. बहुधा तो आपले मूळ काम सांभाळून हे दुसरे काम पाहतो, आणि ते पद पुष्कळदा रिक्तच असते. 'हंगामी' शब्दातून मुदत कळते, पण कोणाच्या जागी हे कळत नाही. 'कंत्राटी' शब्द फक्त नेमणुकीची अट सांगतो.

'बदली' शब्दावर एक आक्षेप येऊ शकतो, की त्याचा अर्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेमणूक असाही होतो. परंतु वाक्यरचना तो घोटाळा होऊ देत नाही. 'डॉक्टरांची बदली झाली' यात बदली हे नाम आहे, तर 'बदली डॉक्टर आले' यात ते विशेषण आहे, आणि मराठी वाचक या दोहोंत गल्लत करत नाही. क्रिकेटमधल्या 'बदली क्षेत्ररक्षका'वरून मात्र अर्थ लावू नये. त्या खेळाडूला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही, तर लोकम डॉक्टर तपासणीपासून औषधयोजनेपर्यंत सर्व काम करतो आणि चिठ्ठीवर मूळ डॉक्टरांच्या नावाने नव्हे, तर स्वतःच्या नावाने व नोंदणी क्रमांकाने सही करतो.

डॉक्टर मंडळी आपसांत 'सध्या लोकम करतोय' असे म्हणतात, तेव्हा तो शब्द त्या कामाचेही नाव होतो. व्यवसायातली ही बोली तशीच राहायला हरकत नाही. रुग्णांसाठी लावायच्या पाटीवर मात्र 'डॉक्टर 20 तारखेपर्यंत रजेवर आहेत, तोवर बदली डॉक्टर रुग्ण तपासतील' असेच लिहावे.