हिवाळ्यात अंगणात लावायला बर्फाचे कंदील घरी कसे बनवायचे?

तुम्ही लिहिलंय की कंदिलासाठी पाण्याने भरलेली बादली रात्रभर बाहेर ठेवली तर आख्खा ठोकळा झाला आणि बादली पण तडकली. वाचून लगेच लिहायला बसले, कारण माझ्या पहिल्या दोन बादल्यांचं अगदी हेच झालं होतं. बादली पूर्ण गोठूच द्यायची नसते, फक्त कडेने बर्फ धरू द्यायचा आणि आतल्या पोकळीत मेणबत्ती ठेवायची, सगळी गंमत त्यातच आहे.

मी फिनलंडमधे ओउलूला राहते. इथे डिसेंबरात सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोनला मावळतो, दिवाळीचा आकाशकंदील उतरवला की खरा अंधार सुरू होतो. मला हे कंदील शेजारच्या आजींनी शिकवले, फिनिशमधे यॅलुह्त्यू म्हणतात.

साधी 10 लिटरची प्लास्टिकची बादली घ्या, वर रुंद आणि खाली निमुळती, आतून काठ वळलेला नको, नाहीतर बर्फ निघतच नाही. पाणी काठोकाठ भरू नका, तीनचार बोटं जागा सोडा, कारण बर्फ झाला की पाणी साधारण 9 टक्के फुगतं, आणि आत कोंडलेलं पाणी शेवटी गोठताना जागा मागतं, बादली तडकते ती त्यामुळेच. मग ती थेट फरशीवर न ठेवता भुसभुशीत बर्फावर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवायची. खालून ऊब टिकते, म्हणून बाजू आणि वरचा थर आधी गोठतो, तळ सगळ्यात शेवटी, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

आता वेळ. माझ्या अंगणात उणे 10 ला 15 ते 18 तास लागतात, उणे 20 असेल तर एका रात्रीत होतं, उणे 3-4 ला मात्र दीड दिवस वाट बघावी लागते. घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा, टॉर्च लावून बघा, कडेचा बर्फ दोनतीन बोटं जाड दिसला की बादली घरात आणायची. उकळतं पाणी अजिबात ओतू नका, बर्फाला चरचर तडे जातात. बाथरूममधे दहापंधरा मिनिटं ठेवली की बर्फ आपोआप सुटतो, मग हळूच उलटी करा. जो तळ होता तो आता वर येतो, तिथला पापुद्रा पातळ असतो, चमच्याच्या दांड्याने फोडा आणि आतलं पाणी ओतून द्या. झाला कंदील! बाहेरचा बर्फ काचेसारखा स्वच्छ असतो कारण हवेचे बुडबुडे गोठताना आत ढकलले जातात, आणि म्हणूनच खायचा रंग घातलात तर तोही आतच गोळा होतो, बाहेर फिकट राहतो, मी तरी रंगाच्या वाटेला जात नाही.

पणतीएवढी छोटी मेणबत्ती नको, बर्फ वितळून पाणी साचतं आणि ती बुडते. इथे ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी लोक कबरींवर लावतात त्या जाड, झाकणवाल्या मेणबत्त्या सुपरमार्केटात मिळतात आणि तासन्तास जळतात, त्याच घ्या, खाली लाकडाची छोटी चकती ठेवा. वरचं तोंड मोकळं राहू द्या, हवा लागते. आमच्याकडे पहिला कंदील 6 डिसेंबरला लागतो, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, त्या संध्याकाळी लोक खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात, मी तेवढ्यातच बाहेरचाही पेटवते आणि रस्त्याने जाणारं कुणीतरी हमखास थांबून बघतं, ते मला फार आवडतं.

तुमच्याकडे एवढी थंडी नसेल पण चिकट बर्फ पडत असेल तर बादली विसरा, बर्फाचे गोळे करून गोल रचत न्या, मधे मेणबत्ती ठेवा, वर निमुळतं करत एक छोटं तोंड सोडा. गोळ्यांच्या फटींतून उजेड येतो, लहान मुलांना हे जास्त जमतं, आमची तर दुपारी तीनलाच पेटवूया म्हणून मागे लागतात, आणि तीनला इथे अंधारायला लागलेलंच असतं.