त्रास सॉफ्टवेअरचा, शंका स्वतःवर

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. माझे आजोबा जुनी लंबकाची घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्यावर चार मिनिटांचा व्हिडिओ करावा असं मनात आलं, म्हणून फोनवर जवळजवळ दोन तासांचं शूटिंग केलं आणि एक मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर घेतलं. सात आठवडे झाले, प्रत्येक सुट्टी त्यात जातेय आणि हातात काहीच नाही. लॅपटॉप रखडतो. आजोबांच्या मुलाखतीत ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. एखादा तुकडा काढला की पुढचं सगळं विस्कटतं. मध्ये फोल्डर आवरले तर सगळ्या क्लिप लाल झाल्या. कट केला की तो जाणवतोच. ज्यांचे धडे बघते त्यांचा स्क्रीन वेगळा, माझा वेगळा. आजोबा घड्याळाला कान लावून ऐकतात आणि मग हसतात, तो कट हसण्याआधी घ्यावा की नंतर, यात एक अख्खी संध्याकाळ गेली, तीही फुकटच. परवा तर रडू आलं. बाबा म्हणतात, छंदासाठी एवढा त्रास कोण करून घेतं? पुढे यात करिअर होईल का, असंही मध्यंतरी वाटून गेलं होतं. आता वाटतं, माझा हा कलच नाही. सोडून देऊ का?

उत्तर : तुझं पत्र वाचून झाल्यावर मी मागे जाऊन एक वाक्य पुन्हा वाचलं. कट हसण्याआधी की नंतर. या सात आठवड्यांत तू खरं एडिटिंग केलंस ते त्या संध्याकाळी. बाकीचे दिवस यंत्राशी झगडण्यात गेले. त्या झगड्याने जीव मेटाकुटीला येतो हे मला ठाऊक आहे, पण त्यावरून स्वतःचा कल ठरवू नकोस. ठरवायचाच तर त्या संध्याकाळवरून ठरव. वेळ किती गेला ते तुझ्या लक्षात आलं होतं का? दुसऱ्या दिवशी लेक्चरला बसल्यावर तोच कट पुन्हा डोळ्यांसमोर आला का? आजोबा हसायच्या आत कट घेतला तर बघणाऱ्याच्या मनात ‘लागलं का घड्याळ?’ हा प्रश्न उरतो, हसल्यावर घेतला तर समाधान उरतं, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तरी तू त्यावर अडलीस. ज्यांना ही दृष्टी नसते ते तिथे अडतच नाहीत, मिळेल तिथे कापतात आणि पुढे जातात.

आता यंत्राचं बघू. तुझ्या तक्रारींमागची कारणं कळली तर अर्धी चिडचिड तिथेच ओसरेल, असं मला मनापासून वाटतं. न कळणाऱ्या गोष्टीचं खापर माणूस स्वतःवर फोडतो आणि तुझं तेच झालंय.

लॅपटॉप का रखडतो? तू भौतिकशास्त्राची आहेस, म्हणून हिशेबच मांडते. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून जास्त बिंदूंची. एका बिंदूच्या रंगाला तीन बाइट धरल्या तर फ्रेम झाली साधारण 6 एमबीची. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे 180 एमबीच्या पुढे. आणि फोन हे सगळं सेकंदाला दोन-अडीच एमबीत बसवतो! ते जमतं, कारण तो पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतो. मधल्या फ्रेमसाठी आधीच्या चित्रापेक्षा काय हललं, काय बदललं, एवढीच नोंद ठेवतो. व्हिडिओ सरळ बघायचा असेल तेव्हा त्यात अडचण नसते, नोंदी एकामागून एक वाचल्या जातात. पण एडिटिंग करताना तू मध्येच उडी मारतेस, दोन फ्रेम मागे येतेस, पुन्हा पुढे जातेस. अशा प्रत्येक वेळी बिचाऱ्या लॅपटॉपला जवळचं पूर्ण चित्र शोधून तिथपासून सगळं नव्याने मांडत यावं लागतं. म्हणून तोच व्हिडिओ प्लेअरमध्ये सुरळीत चालतो आणि टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, अडखळतो.

यावर उपाय आहे आणि तो सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याचं नाव प्रॉक्सी. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक हलकी, लहान प्रत बनवतं, तू त्या प्रतीवर काम करतेस आणि शेवटी एक्सपोर्ट करताना, म्हणजे पूर्ण व्हिडिओची फाइल बनवताना, मूळ क्लिप वापरल्या जातात. तू कोणतं सॉफ्टवेअर घेतलंस ते लिहिलं नाहीस, पण दा विंची रिझॉल्व्ह, केडेनलाइव्ह, शॉटकट या तिन्हींत ही सोय आहे. रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डाकडून भरपूर काम मागतं. तुझा लॅपटॉप साधा असेल तर बाकीच्या दोहोंपैकी एक घे, त्यात कमीपणा काही नाही. नवा लॅपटॉप घेण्याचा विचार मात्र प्रॉक्सी वापरून बघितल्याशिवाय करू नकोस.

ओठ आणि आवाजाचं कारण वेगळं आहे. फोन सेकंदाला बरोबर 30 फ्रेम घेतोच असं नाही. खोलीत उजेड कमी पडला की तो वेग थोडा कमी-जास्त करतो. सॉफ्टवेअरला वाटतं, वेग एकसारखाच आहे. हजार फ्रेममागे एका फ्रेमचा फरक पडत गेला तरी दहा मिनिटांच्या मुलाखतीत तो 0.6 सेकंदावर जातो. आणि आवाज ओठांच्या पुढे असेल तर सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा फरकही माणसाला खटकायला लागतो. म्हणून तुझी मुलाखत सुरुवातीला ठीक वाटत असेल आणि पुढे पुढे बिघडत जात असेल. तपासून बघ, तसंच असणार. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फ्रेम रेट ‘कॉन्स्टंट’ निवडून मुलाखतीची क्लिप एकदा नव्याने बनवून घे आणि ती नवी क्लिप वापर. यापुढे शूटिंग करताना खिडकीपाशी, चांगल्या उजेडात कर.

लाल क्लिपांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण मला वाटतं धीर खचला तो तिथे. कारण माझाही तिथेच खचला होता. विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यान रेकॉर्ड केलं होतं, तीन दिवस बसून ते एडिट केलं आणि मग डेस्कटॉप नीटनेटका करायला घेतला. सगळं लाल. मी ते काम पहिल्यापासून पुन्हा केलं, कारण काहीही गेलेलं नाही हे सांगणारं तेव्हा जवळ कुणी नव्हतं. तुला मी सांगते : प्रोजेक्टमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तुझं काम ज्या फाइलमध्ये साठवतं तिच्यात, तुझे व्हिडिओ नसतातच. तिथे असतो फक्त पत्ता, की अमुक फोल्डरमधली अमुक फाइल, इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत. तू फाइल हलवलीस, पत्ता चुकला, एवढंच. ‘रीलिंक’ शोध, नवा फोल्डर दाखव, तुझे कट होते तसे परत येतील. आणि पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडायच्या आधी सगळं शूटिंग एका फोल्डरमध्ये ठेव, काम संपेपर्यंत त्या फोल्डरला हात लावू नकोस.

तुकडा काढला की पुढचं विस्कटतं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. संगणकावर एडिटिंग करायची यंत्रणा बाजारात यायला लागली ती 1989 च्या सुमारास. त्याआधी कित्येक दशकं संकलक, म्हणजे एडिटर, फिल्मची पट्टी हातात धरून पात्याने कापत आणि चिकटपट्टीने जोडत. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एका मिनिटाला 90 फूट. कापलेले तुकडे एका पेटीत टांगून ठेवत, तिला बिन म्हणत. तुझ्या सॉफ्टवेअरमधलं ‘ब्लेड’ आणि ‘बिन’ तिथूनच आलंय. आवाजाची पट्टी वेगळी असे. चित्रातून दोन फूट काढले तर आवाजातूनही बरोबर दोन फूट काढावे लागत, नाहीतर पुढचं सगळं सरके. तुझ्या टाइमलाइनवर आज नेमकं हेच होतंय. काढण्याचे प्रकार दोन. एकात तुकडा जातो आणि जागा रिकामी राहते. दुसऱ्यात, म्हणजे ‘रिपल डिलीट’मध्ये, पुढचं सगळं मागे सरकून जागा भरते. तू बहुधा दुसरा प्रकार वापरतेस, तोही एकाच ट्रॅकवर, म्हणजे चित्राच्या किंवा आवाजाच्या एकाच पट्टीवर, आणि बाकीचे ट्रॅक जागेवर राहतात. सुरुवातीला पहिलाच वापर आणि रिकामी जागा शेवटी सावकाश बंद कर. पट्टी हातात आहे असं समजून बघितलंस की टाइमलाइनची भीती वाटणार नाही.

स्क्रीन वेगळा दिसतो कारण धडे जुन्या आवृत्तीवरचे असतात. धडे बंद कर. तुझ्याच आवृत्तीचं मॅन्युअल त्या सॉफ्टवेअरच्या साइटवर असतं, अडलं की तेवढंच पान वाच.

आता माझं खरं सांगणं. चार मिनिटांचा व्हिडिओ बाजूला ठेव. दोन तासांच्या शूटिंगमधून चार मिनिटं काढणं म्हणजे तीस मिनिटांतून एक मिनिट निवडणं, आणि ते तू सॉफ्टवेअर शिकता शिकता करायला बसलीस. दोन्ही एकदम कुणालाच जमत नाही. त्याऐवजी एका मिनिटाचा व्हिडिओ कर. वीसच क्लिप निवड, जास्त नको. प्रत्येकीला नाव दे : ‘हात, स्क्रू काढताना’, ‘चेहरा, कान लावलेला’. मुलाखत त्यात घेऊच नकोस, म्हणजे ओठांचा प्रश्न उरत नाही. संगीत नको, अक्षरं नकोत, रंग बदलणं नको, एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाणारे इफेक्ट नकोत. कापणं, सरकवणं, काढणं, एवढ्या तीनच गोष्टी. कीबोर्डवर जे, के, एल या कळा मागे जाणं, थांबणं आणि पुढे जाणं यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतात, त्यांची बोटांना सवय लावून घे. एकदा हात बसला की माउसने क्लिप खेचत बसण्यात जाणारा वेळ वाचतो आणि नजर चित्रावर राहते.

जमलं तर एक प्रयोगही कर. 1920 च्या आसपास लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला होता. एकदा पुढे जेवणाचं ताट, एकदा शवपेटी. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा दुःख. तू आजोबांचा कान लावलेला चेहरा घे. एकदा त्याच्यापुढे बंद लंबक जोड, एकदा हलणारा. दोन्ही घरच्यांना दाखव आणि काही न सांगता विचार, आजोबांच्या मनात काय चाललंय?

हे एक मिनिट पूर्ण कर, एक्सपोर्ट कर आणि मग मला लिही. तेव्हा ‘सोडू का’ या प्रश्नाला उत्तर देता येईल. क्लिप निवडतानाही कंटाळाच आला असेल तर खुशाल सोड, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. पण आज सोडशील तर तू एडिटिंग सोडलंस असं मला वाटणार नाही, कारण ते तू अजून पुरेसं केलेलंच नाहीस.

करिअरबद्दल थोडक्यात, कारण तू ते जाता जाता विचारलंस आणि आज त्यावर ठरवण्यासारखं काही नाही. या व्यवसायात बरेच जण सुरुवात सहायक संकलक म्हणून करतात. त्याचं काम काय, तर फुटेज कॉपी करणं, नावं देणं, आवाज आणि चित्र जुळवणं, प्रॉक्सी बनवणं, बॅकअप ठेवणं. ज्या गोष्टींनी तुला रडवलं, बरोबर त्याच. म्हणजे सात आठवड्यांत तू या पेशाची खडतर बाजू आधी बघितलीस. पुढे कधी या वाटेला जायचं ठरवलंस तर हे लक्षात ठेव. आणि नाही ठरवलंस तरी भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलीला एखादा प्रयोग एका मिनिटात डोळ्यांसमोर उभा करता येत असेल, तर ते शिकवताना आणि संशोधन मांडताना कामाला येईल. बाबांना सांग, छंदात त्रास होतो तो ते काम चांगलं करावंसं वाटतं म्हणून. त्यांनाही असा एखादा छंद कधीतरी असेल, त्याबद्दल विचार.

कट जाणवतो असं लिहिलंस, त्याचं उत्तर राहिलं. तुझ्या प्रत्येक क्लिपमध्ये घड्याळाची टिकटिक आहे ना? एका क्लिपचा ठोका अर्धा असताना तू कापतेस आणि दुसरीचा ठोका वेगळ्याच क्षणी सुरू होतो. डोळ्याला कट चालला असता, कानाला चालत नाही. तेव्हा आजोबांनी दुरुस्त केलेलं घड्याळ बंद खोलीत ठेव, पंखा बंद कर, फोन अगदी जवळ धर आणि दोन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड कर. वीसही क्लिपांचा मूळ आवाज बंद करून ही एकच टिकटिक खालच्या ट्रॅकवर सलग टाक. मग आजोबा हसण्याआधीचा आणि हसल्यानंतरचा, दोन्ही कट पुन्हा लावून बघ, आणि कोणता ठेवलास ते मला नक्की कळव.