'मिंट कंडिशन' कार्बोरेटर आणि वॉशरची खूण

गॅरेजवाल्याला विचारा

प्रश्न : वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून मी ऑनलाइन एक सोलेक्स कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा पार्ट) मागवला. जाहिरातीत 'न्यू ओल्ड स्टॉक, अनयूज्ड, मिंट कंडिशन' असं लिहिलं होतं, म्हणजे जुन्या साठ्यातला पण न वापरलेला, अगदी नवाकोरा. फोटोत तर अगदी कोरा दिसत होता. बसवल्यावर मात्र गाडी आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) टिकत नाही, गरम झाली की मिस मारते. विक्रेता म्हणतो, दोष तुमच्या इंजिनात आहे. पार्सल उघडताना काढलेले फोटो सोबत पाठवतोय. काय करावं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : इंजिनाचं नंतर बघू. कार्बोरेटर कोरा नाही, एवढं नक्की.

तुमच्या फोटोंमध्ये फ्लॅन्जच्या, म्हणजे कार्बोरेटर इंजिनावर टेकतो त्या सपाट तळाच्या, कानांचा एक फोटो आहे, तो मोठा करून पाहा. नट जिथे आवळतात तिथे गोल कडं उमटलंय आणि त्यात एक तिरका ओरखडा आहे. ही स्प्रिंग वॉशरची खूण. पाना लावून आवळल्याशिवाय ती पडत नाही. सोलेक्सची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे मऊ. खूण एकदा रुतली की ब्लास्टिंग करूनही (बारीक कणांचा मारा करून साफ केलं तरी) पुरती जात नाही. आणि ब्लास्टिंग झालंय हे उघड आहे. सगळी बॉडी एकसारखी राखाडी, पण जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या) स्क्रूची खाच मात्र कडेला चेपलेली. कोऱ्या पार्टचा स्क्रू कोणी कशाला पिळेल?

आता गाडी का टिकत नाही ते. थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे हवेची झडप ज्यावर फिरते ती दांडी, बोटांत धरून वर-खाली हलवा. फिरवायचा नाही, हलवायचा. खटखट लागली तर बॉडीतलं भोक लांबट झालंय. त्या फटीतून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि आयडलचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन वर-खाली करत राहतं. मग फ्लॅन्जवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर फ्लॅन्ज वाकलाय. आधीच्या कोणीतरी गळती थांबवायला नट जीव खाऊन आवळले असणार. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत चांगला लेथवाला भोक रिम करून (नेमकं गोल कापून) त्यात पितळी बुश, म्हणजे बारीक नळी, बसवून देईल, फ्लॅन्जही सपाट करून देईल. पण तो खर्च 'मिंट'च्या भावात धरलेला नव्हता.

पण हे काम लगेच करू नका! कार्बोरेटर उतरवा आणि तसाच ठेवा. एकदा बुश बसला की विक्रेता म्हणायला मोकळा, 'तुम्हीच खोललात.' जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच घ्या, असली वर्णनं रातोरात बदलतात. लेखी परतावा मागा. नाही म्हणाला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कोलकात्याचा असला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एक अडचण मात्र आहे. विकणारा धंदेवाईक नसून घरातलं जुनं सामान काढणारा साधा माणूस असेल, तर ई-कॉमर्सचे नियम त्याला लागत नाहीत. त्याचं खातं उघडून बघा. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीप असा सगळ्यांचा माल लावलेला असेल, तर तो दुकानदारच.

यापुढे घेताना विशेषणं वाचूच नका. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या आसपास बंद झालं, म्हणजे खराखुरा कोरा कार्बोरेटरसुद्धा आज निदान पंचवीस वर्षं फडताळात पडलेला. त्याच्या पंपाचा डायफ्राम (लवचीक पडदा) आणि पॅकिंग वाळलेलंच असणार. ते बदलायचं धरूनच भाव करा. 'टेस्टेड ओके' लिहिलं असेल तर विचारा, कशावर टेस्ट केला? आणि फोटो मागायचा तो दर्शनी बाजूचा नाही. पार्ट दुसऱ्या पार्टला जिथे टेकतो किंवा जिथे घासतो, त्या जागेचा मागा. कार्बोरेटर असेल तर फ्लॅन्जचा तळ आणि स्पिंडल हलवतानाचा व्हिडिओ, व्हील सिलिंडर असेल तर रबर काढून आतला बोअर. ज्याचा माल चांगला आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. बाकीचे 'भाऊ, भरोसा ठेवा' म्हणतात.

प्रश्न : पद्मिनीचे टेललाइटचे घेर (दिव्याभोवतीच्या क्रोमच्या कडा) आणि मागचा बंपर एकजण विकतोय. 'हलकं पिटिंग (गंजाचे बारीक खड्डे), री-क्रोम करून नव्यासारखं होईल' असं म्हणतो. घ्यावं का?
– एक वाचक, इगतपुरी

उत्तर : बंपर घ्या, पण मागच्या बाजूचा फोटो पाहून. पुढून चार ठिपके आणि मागून पापुद्रे सुटलेले, असे बंपर आमच्याकडे येतच असतात. पत्रा शाबूत असेल तर घासून, तांबं-निकेल-क्रोम चढवून उत्तम होतो. घेरांचं तसं नाही. त्याला चुंबक लावून व्हिडिओ पाठवायला सांगा. चिकटला नाही तर बहुधा जस्ताचं ओतकाम समजा. त्यात पिटिंग आतून फुगून येतं. पॉलिशवाला ठिपका घालवायला घासत जातो आणि खड्डा खोल होत जातो, कडेला तर भोकच पडतं. तांब्याने खड्डे भरून देणारे कारागीर आहेत, पण मजुरी घेरांच्या किमतीपेक्षा जास्त होते. तेव्हा बंपरचा भाव वेगळा करून मागा. 'जोडीनेच देईन' म्हणाला, तर घेरांचे पैसे भंगाराच्या दराने धरा.