माझ्यामुळेच बाळ लवकर झालं का?

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळ असलेल्या आया माझ्याकडे बोलायला येतात, तेव्हा सुरुवात झोप न येण्यापासून होऊ दे नाहीतर नवऱ्याशी झालेल्या भांडणापासून, थोड्या वेळाने प्रश्न हाच येतो, मॅडम माझंच काही चुकलं का? इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट लिहावंच म्हटलं.

एकजण होती (ओळख बदलून सांगतेय), बाळ ३० व्या आठवड्यात झालेलं, १३०० ग्रॅमचं, सीपॅपवर (नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं मशीन). पेटीपाशी तासनतास उभी राहायची पण बघायची मॉनिटरकडे, बाळाला हात लावायची नाही. चुकांची यादी मात्र तोंडपाठ, जिने चढले, ऑफिसचं टेन्शन घेतलं, कुशीवर झोपले नाही. डॉक्टरांनी समजावलेलं की यातल्या कशाने हे झालेलं नाही, इन्फेक्शन, बीपी अशी कारणं असतात आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. तिला पटत नव्हतं. 'तुझी चूक नाही' हे घरचे सगळे दिवसभर म्हणतच होते, त्यात माझी भर घालून काय होणार, म्हणून मी विचारलं,

"समजा खरंच तुझी चूक नव्हती. मग?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मग पुढच्या वेळीही असंच होईल आणि मला काहीच करता येणार नाही." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनमोकळं रडली.

माझ्या कामातलं मला सगळ्यात पटलेलं काही असेल तर ते हेच. चूक माझी असेल तर निदान काहीतरी माझ्या हातात होतं, हा त्यातला आधार असतो, आणि आपण समजूत काढून तोच काढून घेतो. आधी हातांना खरं काम द्यावं लागतं.

"आत्ता तुझ्या हातात काय आहे?"

"काही नाही, सगळं मशीनच करतंय."

"दूध कोण देणार?"

गरोदरपणाचे साधारण ३४ आठवडे भरतील तोपर्यंत बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जमत नाही, म्हणून नळीने द्यावं लागतं, पण तेच दूध त्याला आतड्याच्या गंभीर आजारापासून वाचवायला मदत करतं. ती रात्रीही उठून दूध काढायला लागली. सिस्टरनी शिकवलं, कुरवाळायचं नाही, एक तळहात डोक्यावर, एक पायांपाशी, नुसता स्थिर ठेवायचा. मग छातीशी घेणं सुरू झालं, कांगारू केअर. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये सांगितलंय की हे शक्य तितक्या लवकर सुरू करावं आणि दिवसाला ८ ते २४ तास करावं, फक्त बाळ व्हेंटिलेटरवर किंवा शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल तर थांबावं लागतं. चुकांच्या यादीचा विषय मग तिने स्वतःहून काढला नाही, मीही विचारलं नाही.

बाबा लोकांनो, कांगारू तुम्हालाही जमतं, आई झोपलेली असताना तर नक्कीच करा. घरी गेल्यावर बाळाची तुलना करताना वय मूळ ड्यू डेटपासून मोजा, पहिली दोन वर्षं तरी, आणि डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख चुकवू नका. आईचं रडणं, झोप उडणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर तिच्याही डॉक्टरांना सांगा, आणि जीव द्यावासा वाटतो असं ती म्हणाली तर त्याच दिवशी.